रांजणखळग्यातली गौर

आमच्या परसातल्या कातळावर तेरडा फुलला की भाद्रपद आला. कॅलेंडर नंतर बघतात. यंदाही फुललाय. कातळाच्या चिरेत जिथे चिमूटभर माती साठते, तिथे गुलाबी, थोडासा जांभळट, अंग भिजलेला तेरडा. खाली काळं पाणी, त्यात गप्पी माशांची धावपळ. वरून एक थेंब पडला तरी सगळे एका दिशेला पळतात आणि लगेच विसरून परत येतात.

हा कातळ आमचा नाही. म्हणजे कागदावर आहे. पनवेलजवळच्या विचुंब्याला रो-हाउसची ही रांग उभी राहिली तेव्हा बिल्डरच्या माणसांनी त्याच्यावर ब्रेकर चालवून बघितला होता. त्याच्या खांद्यावर अजून छिन्नी मारल्यासारखे पांढरे ओरखडे आहेत. फुटेना, तेव्हा त्यांनी भोवती भिंत घातली आणि माहितीपुस्तिकेत छापलं, ‘नॅचरल रॉक गार्डन’. बाबांनी घर घेतलं ते हे वाचून नाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं होतं म्हणून. पण पहिल्या संध्याकाळी आई मागचं दार उघडून त्या तापलेल्या दगडावर पाय सोडून बसली आणि म्हणाली, “हे चांगलं झालं. काहीतरी आपल्या आधीचं आहे इथे.”

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, रोषणाई नाही. पाणवठ्यावर जायचं, पाण्यातले सात खडे वेचायचे, ताम्हनात ठेवून घरी आणायचे आणि पाटावर बसवायचे. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ लागलं की जातात. आल्या त्याच पाण्यात जातात. देवीची एकच अट आहे: खडा पाण्यातला हवा. पाण्यानं घासलेला, कड मोडलेला.

एवढी साधी अट पाळता येऊ नये? पनवेल म्हणजे तळ्यांचं गाव, असं आम्ही इथल्या शाळेच्या निबंधात लिहायचो आणि मार्क मिळवायचो. ती तळी आहेत अजून. त्यांना कठडे आहेत, फरश्या आहेत, संध्याकाळी रंग बदलणारे दिवे आहेत. फक्त माणसाचा हात पाण्याला पोचत नाही. याला सुशोभीकरण म्हणतात. पाण्याला काचेत ठेवायचं आणि बाहेरून सेल्फी काढायचा. आम्ही इथे आलो तेव्हा कॉलनीच्या मागे एक ओढा होता, आई पहिली काही वर्षं तिथूनच गौर आणायची. मग ओढ्यावर रस्ता आला, ओढा पाइपात गेला, आणि पाइपाच्या दुसऱ्या तोंडातून जे बाहेर पडायला लागलं त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. जेवणाच्या वेळी कोणी वाचत असेल.

त्या वर्षी आई ताम्हन घेऊन गेली आणि लवकरच परत आली. ताम्हनात सात खडे होते. काळे, टोकदार, धारेचे. गल्लीच्या तोंडाशी नव्या बिल्डिंगसाठी क्रशरच्या खडीचा ढीग पडला होता, त्यातले.

“पावसानं धुतलेली होती गं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी तेव्हा मागचा डोंगर फोडण्याविरुद्ध पत्रकं वाटत होते. रोज दुपारी सुरुंग उडायचे, आमच्या फडताळातले कप एकमेकांवर वाजायचे आणि डंपरची रांग धूळ उडवत उरण-द्रोणागिरीच्या बाजूला जायची. तीच खडी ताम्हनात बघितल्यावर माझं डोकं फिरलं.

“आई, ही गौर नाही. हा आपला डोंगर आहे. सुरुंग लावून आणलाय.”

आईनं ताम्हन हळूच ओट्यावर ठेवलं. “मग तू दाखव पाणवठा. गावभर पत्रकं वाटत फिरतेस ना? एक पाणवठा दाखव, जिथे मी वाकले तर मला ओकारी येणार नाही.”

कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत गाडीनं जाता आलं असतं, पण गौर काय गाडीत बसवून, टोल नाक्यावर थांबवून आणायची? बाबा पेपरमागून सगळं ऐकत होते. त्यांनी पेपर घडी केला आणि म्हणाले, “परसात करू.”

“काय?”

“पाणवठा.”

पुढच्या वैशाखात काम काढलं. बाबा कारखान्यात मेंटेनन्सला होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि घरात नीट न चालणारं एकही यंत्र त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यामुळे तळ्याचं काम त्यांना देवानं पाठवल्यासारखं आलं. त्यांनी दोरी ताणली, पाणसळ लावली, कागदावर छान काटकोन काढले. कातळानं एकही काटकोन ऐकला नाही. त्याला दोन पाठी आहेत, मधे खोलगट भाग, एक बाजू भिंतीकडे चढलेली, दुसरी पसरट. बाबा पाणसळ ठेवायचे, बुडबुडा एका टोकाला पळायचा, आणि बाबा कातळाला कारखान्यातल्या शिव्या द्यायचे.

“थोडंसं तासलं तर सरळ होईल,” ते म्हणायचे.

“कातळाला धक्का लावायचा नाही,” आई आतून सांगायची. तिची तेवढी एकच सूचना होती, पण ती कधी डुलकीतसुद्धा विसरायची नाही.

शेवटी कातळानं दिला तो आकार आम्ही घेतला. दोन पाठी या दोन भिंती, मागची चढण ही तिसरी, आणि उघड्या बाजूला आम्ही दगडांचा बुटका बांध घातला. आम्ही तिघं, दुसरं कोणी नाही. बाबांनी सांधे सिमेंटनं भरले. संध्याकाळी बादल्या ओतल्या. सकाळी पाणी नाही, फक्त बांधाबाहेर ओला डाग. सिमेंट वाळलं की आकसतं आणि दगडापासून केसभर सुटतं. पाण्याला केसभर पुरतं. बाबांनी वॉटरप्रूफिंगची पावडर आणली, मग दुसरी आणली, मग दुकानदाराशी भांडून आले. ओला डाग तिथेच. त्यानंतर सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि वीटभट्ट्यांच्या बाजूनं चिकणमाती आणली. ती तुडवायची होती. आईनं साडी खोचली, मी पँट वर केली, बाबांनी लेंगा, आणि आम्ही तिघं भर उन्हात त्या मातीत नाचल्यासारखे पाय मारत होतो. घोट्यापर्यंत थंड माती, डोक्यावर आग, आणि आई हसतेय. तिला इतकं हसताना मी डोंबिवलीत कधी बघितलं नव्हतं.

भिंतीपलीकडून सुमनकाकी बघत असायच्या. त्या इथल्या आगरी, मूळच्या. आमची सगळी रांग ज्या शेतात उभी आहे ते शेत त्यांच्या सासऱ्यांचं. काकींना भिंतीवरून बोलायला स्टूल लागतं, आणि ते स्टूल कायम तिथेच असतं.

“काय गो, कसला खड्डा करताव?”

“तळं करतोय काकी. मासे सोडायचेत.”

“खावाला?”

“नाही हो, गप्पी मासे. डासांची अंडी खातात. मलेरियावाल्यांनी पिशवीत घालून दिलेत.”

काकींनी एकदा माशांकडे बघितलं, एकदा बाबांकडे. “म्हंजे मासं मटनखाऊ आनि मालक वरनभातवालं! गंमतच हाय.”

दुपारी सुरुंगाची वेळ झाली की आम्ही हात थांबवायचो. ठरवून नाही, आपोआप. लांबून धप्प आवाज, मग पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं, आणि नुकतंच साचलेलं पाणी कडेपासून मधे शहारायचं. मी मनात पत्रकाच्या ओळी जुळवायचे. बाबा फक्त पाण्याकडे बघत राहायचे आणि पाणी स्थिर झालं की परत कामाला लागायचे.

पाणी टिकलं. वेखंड लावला. आणि एके दिवशी बाबा बाजारातून एक जड पिशवी घेऊन आले, आईला बाहेर बोलावलं आणि पिशवी पाण्यात रिकामी केली. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, चकचकीत गोटे. तळ उजळून निघाला.

“घे. सात काय, सातशे घे.”

आईनं एक उचलून बघितला. “हे कुठल्या पाण्यातले?”

“दुकानातले. अॅक्वेरियमवाल्याकडचे. इम्पोर्टेड आहेत.”

“म्हणजे यंदा गौर विमानानं आली.” ती हसली, पण खडा परत ठेवताना तिचा चेहरा उतरला. बाबांचा त्याहून जास्त. आम्हाला तळं बांधता आलं, मासे आणता आले, वेखंड रुजवता आला. खडा करता येत नाही. त्याला पाणी लागतं, वाहतं, आणि इतका काळ लागतो की त्याचा हिशोब माणसाच्या आयुष्यात बसत नाही. आम्ही ओढे बुजवतो तेव्हा पाणी तर घालवतोच, शिवाय हा काळही घालवतो. तो परत कुठल्या निविदेत मागवायचा?

कातळाच्या दोन पाठींच्या मधे, तळ्याच्या काठाशी, एक गोल भोक होतं, मातीनं बुजलेलं. आम्ही त्यात झाडू उभा करून ठेवायचो. तिथे कुमुदिनीचा कंद बसेल असं बाबांना वाटलं, म्हणून ते खुरप्यानं माती काढायला बसले. माती निघाली, बाटलीचं झाकण निघालं, गोगलगायींचे रिकामे शंख निघाले. हात कोपरापर्यंत आत गेला तरी तळ लागेना. मग वाळू लागली. परसात, घराच्या मागे, कुठलाही संबंध नसताना, स्वच्छ धुतलेली वाळू.

“रश्मी, इकडे ये जरा,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा होता.

वाळूखाली गोटे होते. काळे, अंड्यासारखे, तळहातात ठेवले की हात आपोआप मिटावा असे. भोकाच्या भिंती आतून मडक्यासारख्या गुळगुळीत. मी भूगोलाच्या पुस्तकात चित्र बघितलं होतं, नावही पाठ होतं: रांजणखळगा. ओढ्याच्या पाण्यात गोटा अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो, फिरता फिरता कातळ कोरतो आणि स्वतः झिजतो. पुस्तकात ते निघोजचं असतं, सहलीला जायचं असतं. ते आपल्या झाडूच्या दांड्याखाली असेल हे पुस्तक सांगत नाही.

म्हणजे ओढा मागून जात नव्हता. मागचा तो नंतर वळवलेला चर. खरा ओढा इथून जायचा.

मी भिंतीवरून काकींना विचारलं. काकी स्टुलावर होत्याच.

“व्हता ना व्हाल. हितनंच. आमी हितं कपरं धवाचो. तुमचं किचन हाय ना, तितं डोह व्हता, पोरं डुंबायची.”

“मग काकी, एवढ्या वर्षांत बोलला नाहीत कधी?”

“कुनी इचारलं? जमीन इकली तवा धा मानसं आली मोजायला. व्हालाचं कुनी नाव पन नाय काढलं. सात-बाऱ्यावर पानी वाहताना दिसतंय व्हय?” मग जरा थांबून, “आमी पन नाय काढलं. भाव कमी झाला असता.”

मी पायरीवर बसले. माझ्या पिशवीत त्याच आठवड्याची पत्रकं होती. वर ठळक अक्षरांत, ‘ओढे बुजवणाऱ्यांना जाब विचारा’. विचारा ना. माझ्या आईचा गॅस ओढ्याच्या डोहावर पेटतो. माझी अभ्यासाची खोली ओढ्याच्या काठावर. पत्रक लिहायला ‘ते’ आणि ‘आम्ही’ असे दोन पक्ष लागतात, आणि त्या दुपारपासून मला ‘ते’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो. तरी लिहिते. ज्यांनी नकाशावरून ओढा पुसला त्यांना माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, हा फरक आहेच. पण पुराच्या पाण्याला तो फरक कळत नाही.

बाबांनी पांढरे गोटे एकेक वेचून पिशवीत भरले. आई काळे गोटे पदरात घेऊन बसली होती. एकेक धुवायची, उन्हाकडे धरायची, कोरडा करायची आणि परत ओला करायची.

“काढून ठेवू का देवघरात?” मी विचारलं.

“नको. यांना पाणी हवं.” तिनं ते परत खळग्यात सोडले आणि वर तळ्यातलं पाणी ओतलं. “भाद्रपदात काढू.”

त्या पावसाळ्यात पाण्यानं आपला रस्ता ओळखला. कोणी दाखवला नव्हता. गल्लीतलं पाणी गटाराकडे न जाता आमच्या कातळाकडे यायचं, तळं भरायचं, बांधावरून उतरायचं आणि पुढच्या घरांच्या मागे तुंबायचं. सगळ्यात शेवटचं घर सावंतकाकांचं. ते सोसायटीचे अध्यक्ष, मंत्रालयातल्या नोकरीतून निवृत्त, शर्टाच्या खिशात कायम पेन. त्यांच्या खोलीत पाणी शिरलं. त्याच सुमारास सोसायटीतल्या एका लहान मुलीला डेंगी झाला. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. विषय: मागच्या बाजूनं सरळ काँक्रीटचं गटार आणि आड येणारा खडक फोडणे.

मी बोलले. जोरात बोलले, माझ्या मते चांगलं बोलले. ओढा, नकाशा, खळगा, झिजलेले दगड, येणाऱ्या पिढ्या, सगळं. समोरचे लोक मोबाइल बघत होते. मला मोर्चातल्या लोकांशी बोलायची सवय, खुर्चीवर बसलेल्यांशी नाही.

“रश्मी, इमोशनल होऊ नकोस,” सावंतकाका म्हणाले. “डास होतात त्याचं बोल.”

“गप्पी आहेत तळ्यात. एक अळी सापडली तर दाखवा.”

“मग मासे आणतेस का सभेत साक्षीला?”

सगळे हसले. माझाच भाऊ शोभेल असा एक जण खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. हात वर झाले. बाबांचे हात मांडीवर होते. आई मागच्या रांगेत होती, तिनं कोणाकडेच बघितलं नाही. ठराव झाला: गणपती झाल्यावर काम सुरू.

अनुराधेच्या सकाळी मी खडे आणायला गेले. आमच्यात गौर घरातली सून किंवा मुलगी आणते आणि पाण्यापासून पाटापर्यंत एक शब्द बोलायचा नसतो. आईच्या माहेरी, रोह्याकडे, त्यासाठी तोंडात पाण्याची चूळ धरतात. बोलायचं म्हटलं तरी बोलता येत नाही. मी चूळ धरली, सात खडे वेचले, वळले, तर समोर सावंतकाका आणि गटाराचा ठेकेदार. ठेकेदाराच्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा. त्यानं कातळाच्या पाठीवरून, तेरड्यावरून, खळग्याच्या तोंडावरून सरळ रेघ ओढली.

“उगाच नंतर आरडाओरडा नको म्हणून आत्ताच मार्किंग करून घेतो,” काका म्हणाले. “काय? चालेल ना?”

माझे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, हातात ताम्हन. काय चालेल? मी चालत राहिले. आई दारात माझ्या पायावर दूधपाणी घालायला उभी होती. तिनं माझ्या खांद्यावरून ती रेघ बघितली. मग खाली वाकून माझे पाय धुतले.

दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं झालं, सोळा भाज्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि बाबांनी निरोपाचं ताम्हन पुसून पुढे ठेवलं.

“आज नाही,” आई म्हणाली.

“अगं, मूळ लागलंय.”

“लागू दे.”

“म्हणजे?”

“पाठवू कुठे तिला? त्या रेघेखाली?”

बाबांना वाटलं आई चिडून बोलतेय, तासाभरानं येईल ताळ्यावर. ती आली नाही. संध्याकाळी तिनं गौरीपुढची फुलं बदलली आणि समईत तेल घातलं. बाबांनी गुरुजींना फोन केला, स्पीकरवर टाकला. गुरुजी म्हणाले, असं करत नाहीत वहिनी. आई म्हणाली, “माहीत आहे.” तिनं समईची वात सारखी केली. ज्या बाईनं आजवर एक संकष्टी मोडली नाही, तिनं देवी अडवून ठेवली होती. मी मोर्चे काढले आहेत, पोलीस चौकीत बसले आहे, पण मला तिथे काय गमावायचं होतं? एक संध्याकाळ. आईनं जे पणाला लावलं ते मला मोजतासुद्धा येत नाही, कारण माझा त्यावर विश्वासच नाही. तिचा आहे.

“आई, याचा व्हिडिओ करूया. बातमी होईल. ‘पाणवठा नाही तर विसर्जन नाही’.”

“रश्मे, तिचं पोस्टर केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.”

ती एकच वेळ जेवायला लागली. विचारलं तर म्हणायची, भूक नाही. पाटावर सात काळे खडे, भोवती ताजी फुलं, आणि घरात पाहुणा ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिला की येतं ते अवघडलेपण. आम्ही हळू बोलायचो. टीव्ही लागत नव्हता. अनंत चतुर्दशी जवळ येत चालली तशी बाहेरच्या ढोलांचा सराव वाढत होता, आणि आई मागचं दार लावून घ्यायची.

काकी आल्या. त्यांची गौर तेरड्याची, आमच्याच कातळावरून नेलेली, वेळेवर गेली होती.

“काय गो, पाव्हनी अजून हितंच?”

“रस्ता बंद आहे काकी,” आई म्हणाली.

काकींना आधी चेष्टा सुचली. “माझीला तं चिंबोरी खिलवून पाठवली. तुझी वरनभातावर किती दिस काढल?” आई हसली नाही. मग काकी पाटासमोर मांडी घालून बसल्या, खड्यांकडे बघत राहिल्या, आणि बराच वेळ त्यांचं तोंड बंद होतं. हे मी पहिल्यांदा बघितलं. निघताना मात्र त्यांनी रांगेतल्या प्रत्येक दारात थांबून सांगितलं.

मग बायका यायला लागल्या. सभेत हात वर केलेल्या बायका. कोणी गटाराचं नाव काढलं नाही. गौरीला हळदकुंकू वाहायच्या, आईकडे बघायच्या, जायच्या. सावंतकाकू आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भीती होती. त्याच संध्याकाळी सावंतकाका आले. चप्पल बाहेर काढून, खिशात पेन नसलेले.

“वहिनी, हे बरं नव्हे.”

“नाहीच बरं, भावोजी. मला तरी कुठे झोप लागतेय?”

“तुम्ही देवाला मधे आणताय.”

“ती तर दरवर्षी तिथूनच येणार. रेघ तुम्ही मधे आणलीत.”

काका चिडले. “माझ्या घरात पाणी शिरतं त्याचं काय करू मग? सांगा. गुडघाभर पाण्यात देव्हारा होता माझा.”

“गटार करा ना. मी कुठे नको म्हणाले? कातळाला वळसा घाला.”

“वळसा घातला की पाण्याचा वेग कमी होतो, ठेकेदार म्हणतो.”

“होऊ दे की. इतकी घाई कसली आहे पाण्याला?”

बाबांनी तेवढ्यात कागद पुढे केला. त्यांनी वळणाचा नकाशा काढून ठेवला होता, उतारासकट, वळणावर एक जादा चेंबर घालून. काकांनी चष्मा लावून तो बघितला, उलटा धरला, परत सुलटा धरला. मग नजर पाटाकडे गेली. “दगडच आहेत तसे,” ते पुटपुटले. त्यात टर नव्हती. बोलून झाल्यावर त्यांनी हात जोडले.

दोन सकाळींनंतर ठेकेदार ब्रेकरऐवजी दोरी घेऊन आला. नवी रेघ कातळाला बाहेरून वळसा घालून गेली. आईनं ती स्वतः जाऊन बघितली, हात लावून रंग वाळलाय का तेसुद्धा. मग भर दुपारी, कुठलंही नक्षत्र न बघता, तिनं सात खडे एकेक करून खळग्यात सोडले. “चुकलंमाकलं पोटात घाल,” म्हणाली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

मी नाचायचीच बाकी राहिले होते. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटात मेसेज टाकला, जिंकलो! आई आत जाऊन झोपली. संध्याकाळपर्यंत उठली नाही.

आम्ही काय जिंकलो ते खरंखुरं लिहायचं तर, एक कातळ. दोन म्हशींएवढा. डोंगर अजून फोडतात. दुपारी पाणी अजून शहारतं. वरचा ओढा पाइपातच आहे, आणि आमचं स्वयंपाकघर डोहावर आहे, ते मी पाडलेलं नाही. यंदा पाणी सावंतकाकांच्या घरात शिरलं नाही. ते आता पाहुण्यांना मासे दाखवायला आणतात आणि ‘आमच्या सोसायटीचं तळं’ म्हणतात. म्हणू देत.

पण वर्षभर आईचं काहीतरी हललेलं मला दिसत होतं. उन्हाळ्यात बाबा जिन्यावरून घसरले, हाताला प्लास्टर आलं. मावसबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. कुमुदिनीला एक कळी आली ती न उमलताच कुजली. प्रत्येक वेळी आई मागच्या दाराकडे बघायची. मी तिला समजावलं असतं, पण कशाच्या जोरावर? जिन्यावर पाणी सांडलं होतं, मुलाकडचे लोक लोभी होते, कंदाला कीड होती. सगळी कारणं माझ्याकडे तयार आहेत. आई कारणं विचारत नव्हती.

आज अनुराधा. पहाटे पाऊस थांबलाय, कातळावरून वाफ निघतेय, वेखंडाचा उग्र वास पसरलाय. आईनं नवी साडी नेसली आहे. ताम्हन तिनं स्वतःच धरलंय. मी तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, काठाशी गुडघे टेकले, आणि मागून तिचा आवाज आला, अगदी हळू, माझ्याशी की पाण्याशी ते कळू नये असा.

“येईल ना गं ती? आपण अडवली होती तिला.”

माझं तोंड पाण्यानं भरलेलं. मासे दोन बाजूंना पांगले. मी हात खळग्यात घातला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. आत गार होतं, तळाशी गाळ बसला होता. गाळात बोटं फिरवत गेले. एक खडा हाताला लागला, मी मूठ मिटली, हात वर काढला आणि आईकडे वळून तिच्यासमोर उघडला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं ताम्हन पुढे केलं.